फक्त माझ्यासाठी डिलीट

मोबाईलच्या बाबतीत बब्रुवानला कुणी काही शिकवायची सोय नव्हती.

"आपल्याला सगळं जमतंय!" हे वाक्य तो बायकोला, म्हणजे मंडोदरीला, दिवसातून दोनदा ऐकवायचा. बासष्ट वर्षांचा माणूस, पण अंगठा असा चालायचा की ज्वारी पाखडतोय असं वाटावं. सकाळी सहाला चाळीस जणांना सुप्रभात, रात्री नऊला चाळीस जणांना शुभरात्री. मधल्या वेळेत ज्याचा वाढदिवस असेल त्याला केक, नसेल त्याला गुलाब!

हे चाळीस जण म्हणजे 'द्राक्ष परिवार'. धाराशिवच्या बाहेर एकेकाळी द्राक्षं परदेशी पाठवणारी एजन्सी होती. जानेवारी ते एप्रिल तिथं जत्रा भरायची. घड निवडणाऱ्या बाया, पेट्यांचे ढीग, ट्रक, आणि आवारात गुरगुरत उभे असलेले थंडगार कंटेनर. एजन्सी बंद पडली, माणसं पांगली. मग कंटेनर बंदरावर नेणाऱ्या दादामियाँ ड्रायव्हरनं हा ग्रुप काढला. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाचा गुडघा बदलला, सगळं तिथं कळायचं. बब्रुवान एजन्सीत माल रवाना करायच्या खात्यात होता. ग्रुपावरही तोच रुबाब!

त्या दिवशी सकाळी सातला दादामियाँचा मेसेज आला. "अपना शांतलिंग गेला. वाशीला घरीच. झोपेत. अल्ला उसको सुकून दे."

बब्रुवाननं चहाचा कप खाली ठेवला.

शांतलिंग, धाराशिवजवळच्याच वाशी गावचा, एजन्सीचं कोल्ड स्टोरेज सांभाळायचा. चौदा वर्षांपूर्वी त्याला कामावरून काढलं होतं. तेव्हापासून तो एजन्सीच्या कुणाच्या लग्नाला आला नव्हता, ग्रुपात आला नव्हता. दादामियाँनं तीनदा गळ घातली, तीनदा तो "नको, तुमचं चालू द्या" म्हणाला होता.

आणि साडेसातला स्क्रीनवर अक्षरं उमटली : 'दादामियाँ यांनी शांतलिंग यांना सामील केले.'

बब्रुवान खुर्चीतून ताडकन उठला! सातला वारलेला माणूस साडेसातला ग्रुपात हजर! त्यानं चष्मा पुसला. तेच नाव. पाच मिनिटांनी मयताचा मेसेजही आला.

"नमस्कार. मी वैष्णवी, शांतलिंग यांची मुलगी. बाबांचा फोन माझ्याकडं आहे. बाबांनी काम सोडलं तेव्हा मी सात वर्षांची होते. ते कामावर कसे होते, मला माहीतच नाही. तुम्ही आठवणी सांगाल का? आईला वाचून दाखवीन."

मग काय, ग्रुपाला पूर आला. पॅकिंगच्या बायांची मुकादम कडूबाई, तिनं लिहिलं, "भर एप्रिलात स्वेटर अन् कानटोपी घालून फिरायचा तुजा बाप. एकदा तसाच स्टँडवर गेला तर कंडक्टर म्हणला, काका, काश्मीरहून आलाव का? आमी हसून हसून पेट्या चुकवायचो."

दादामियाँनं लिहिलं, "कंटेनर सुटायच्या आधी दारावर हात ठेवून उभा राहायचा. मैं बोलता, अरे, बेटी की बिदाई है क्या? तो म्हणायचा, एवढ्या लांब चाललंय, कुणीतरी हात ठिवाय पायजे."

बब्रुवाननंही टाकलं, "शांतलिंग म्हंजे सोन्यासारखा माणूस." खाली सात हात जोडले. जे आठवत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात पुण्याहून रणधीर सरांचा मेसेज आला. सर एजन्सीचे मॅनेजर होते. "मेहनती माणूस. ती एक चूक सोडली तर कामात खोट नव्हती. श्रद्धांजली."

ती एक चूक!

चौदा वर्षं दाबून ठेवलेलं आज हललं. बब्रुवान फोन घेऊन गच्चीवर गेला, मंडोदरीच्या वाळत घातलेल्या पापडांपाशी उकिडवा बसला आणि दादामियाँला व्हॉइस मेसेज करायला लागला. एकट्या दादामियाँला. निदान त्याची समजूत तशी होती.

"दादामियाँ, तुमालाच सांगतो, कुणाला बोलू नका. ती चूक शांतलिंगची न्हवती. म्या केली. वर्ल्ड कपची सेमीफायनल होती बघा, पाकिस्तानसंगं. दुपारी शांतलिंगच्या पोरीला ताप भरला म्हणून त्यो घरी गेला. मला म्हणला, बब्रू, दोन तास कंटेनरवर नजर ठेव. आमी वॉचमनच्या खोलीत टीव्ही लावला. त्या कंटेनरच्या जनरेटरची अशी घरघर की काय बी ऐकू येईना! म्हणलं एक ओव्हर बंद करू. केला. आन इसरलो. शांतलिंग पोरीला दवाखान्यात घेऊन गेला, त्यो बी रात्री परत आला न्हाय. मॅच संपली, फटाके उडवले, नाचलो. मध्यरात्री ध्यानात आलं, गुपचूप चालू केला. पुढं महिन्यानं परदेशात दार उघडलं तर सगळ्या द्राक्षाला बुरशी. कंटेनरातल्या तापमानाच्या यंत्रानं जनरेटर कवा बंद होता ती तारीख, वेळ सगळं सांगितलं. रजिस्टरात नाव शांतलिंगचं. आज सांगू, उद्या सांगू म्हणलो, आन त्याला काढून टाकलं. त्यानं माझं नाव बी घेतलं न्हाय..."

शेवटी त्याला रडू आलं. चार मिनिटं दहा सेकंद! अंगठा सुटला, मेसेज गेला. बब्रुवाननं नाक पुसलं, स्क्रीनकडं पाहिलं. वर नाव होतं 'द्राक्ष परिवार'!

घाबरणारा दुसरा कुणी. बब्रुवानला सगळं जमत होतं! मेसेजवर बोट दाबून धरलं. फोननं विचारलं, 'सर्वांसाठी डिलीट' की 'माझ्यासाठी डिलीट'? बब्रुवाननं क्षणभर विचार केला. मेसेज कुणाचा? माझा. उडवायचा कुणासाठी? माझ्यासाठी! सर्वांना कशाला त्रास! त्यानं 'माझ्यासाठी'वर टिचकी मारली. मेसेज गडप!

त्यानं दीर्घ श्वास सोडला. कुणी ऐकायच्या आत उडवला. खाली येऊन दुसरा चहा घेतला, वर दोन बिस्किटं.

त्याच्या फोनवरून उडाला होता, एवढं खरं. बाकी एकोणचाळीस फोनांवर तो ठणठणीत होता. चाळिसावा फोन वैष्णवीच्या हातात होता.

अर्ध्या तासात कडूबाईचा मेसेज आला. "बब्रुवानराव, हे खरं हाय?"

कशाबद्दल विचारतीय ही? हां, सोन्यासारखा माणूस! बब्रुवाननं उत्तर दिलं, "शंभर टक्के खरं! अजून सांगाय बसलो तर दिवस पुरायचा न्हाय."

मग रणधीर सर. "इतकी वर्षं हे मनात ठेवलंत?"

"काय करणार सर, चांगलं बोलायला बी वेळ यावी लागते," बब्रुवाननं लिहिलं आणि गुलाब टाकला.

दुपारी वैष्णवीचा मेसेज आला. "काका, परवा तिसरा दिवस आहे. घरी याल? हे सगळं आईसमोर तुमच्या तोंडून ऐकायचंय."

बब्रुवान भरून पावला. चाळीस जणांतून पोरीनं त्यालाच निवडलं! "नक्की येणार! माइकची सोय असेल तर बरं," त्यानं कळवलं.

दादामियाँनं एवढंच लिहिलं, "परवा सकाळी आठला जीप. तयार रहो."

दोन दिवस बब्रुवाननं भाषण घोकलं. मंडोदरीनं पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केली. "एवढं काय बोलणार हाव?" तिनं विचारलं. "मैत्रीवर," बब्रुवान म्हणाला. म्हणताना त्याला थोडं कसंतरी झालं. पण चौदा वर्षांच्या सवयीनं ते कसंतरी लगेच खाली बसलं.

जीपमध्ये दादामियाँ आणि पाठीमागं कडूबाई. दादामियाँ रस्त्याकडं, कडूबाई खिडकीबाहेर बघत. येडशी गेली, येरमाळा गेलं. बब्रुवाननं दोनदा हवापाण्याचा विषय काढला, तो वाऱ्यावर गेला. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या दुकानांपाशी दादामियाँनं जीप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"बब्रुवान, भाषण में क्या बोलने वाले हो?"

"शांतलिंगचा स्वभाव, त्याचं काम..."

"और यह?" दादामियाँनं खिशातून फोन काढला. बोट लावलं. जीपमध्ये बब्रुवानचाच आवाज घुमायला लागला : 'दादामियाँ, तुमालाच सांगतो, कुणाला बोलू नका...'

"ह्ये... ह्ये म्या डिलीट केलं होतं!"

"तुमच्यापुरतं केलं," कडूबाई मागून म्हणाली. "आमी सगळ्यांनी ऐकलंय. पोरीनं बी."

बब्रुवानच्या डोळ्यांपुढून एकेक उत्तर सरकायला लागलं. शंभर टक्के खरं. गुलाब. माइकची सोय! त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मला हितंच सोडा. एस.टी.नं जातो माघारी."

"उतरा की," कडूबाई म्हणाली. "पळा. पन त्या पोरीला म्या काय सांगू? बब्रुकाका फटाके बघाय थांबलेत म्हणून?"

बब्रुवाननं दाराच्या खिट्टीला हात लावला. बाहेर दुकानांच्या ओळी, पाट्यांवर रंगीत रॉकेटं. त्या मॅचच्या दिवशी नाचताना उडवलेले फटाके इथलेच होते. शांतलिंग तेव्हा दवाखान्यात पोरीच्या कपाळावर पट्ट्या बदलत असणार. काही वर्षांनी वाशीच्या बाजारात बब्रुवाननं त्याला लांबून पाहिलं होतं आणि कलिंगडांच्या ढिगामागं दडला होता. शांतलिंगनंच हाक मारली. "अरे बब्रू! च्या घे की!" पाजलाही. एजन्सीचा शब्द काढला नाही. बब्रुवान चहा पिऊन चटके बसल्यासारखा निघून आला होता.

त्यानं खिट्टीवरचा हात काढला. "चला," तो म्हणाला.

वाशीचं घर दोन खोल्यांचं. ओसरीवर दहा-बारा माणसं. भिंतीला शांतलिंगचा फोटो, स्वेटर न घातलेला, म्हणून की काय अनोळखी वाटणारा. वैष्णवीनं बब्रुवानला आईसमोर बसवलं. लक्ष्मम्मा उमरग्याकडची, बोलण्यात अजून कन्नड हेल. तिला कमी ऐकू यायचं. त्यामुळं जे चार मिनिटांत कुजबुजून सांगितलं होतं, ते बब्रुवानला ओरडून सांगावं लागलं! "जनरेटर! बंद केला! म्या!" गल्लीतली दोन माणसं दारात डोकावली. माइक खरंच लागला नाही.

सांगून झालं. मग वैष्णवी हळू बोलली.

"काका, बाबांना वाटायचं, जाताना मीच डिझेल भरून जनरेटर चालू करायचा विसरलो, नंतर तुम्ही बघून तो चालू केला असेल. घरातून निघताना ते तीनदा गॅस बघायचे. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. मी चिडायचे. माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरला आम्हाला उशीर झाला, गॅसपायी. ते म्हणायचे, बाळ, माझ्या हाताचा भरवसा नाही."

"तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही म्हणता ना," ती पुढं म्हणाली, "घ्यायला त्यांना ठाऊकच नव्हतं, काका. तुम्ही कधीही येऊन सांगायचं होतं. तीन दिवस आधी आला असता तरी चाललं असतं."

कडूबाईनं पदर तोंडाला लावला. दादामियाँ फोटोकडं बघत राहिला. बब्रुवाननं वाकून लक्ष्मम्माच्या पायाला हात लावला. तिनं पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. मग तिनं विचारलं,

"आपण जिंकलो का मग?"

"आं?"

"त्या मॅचला वो. पोरीला ताप आला आन यांची बघायची राहिली. लई हौस होती. नोकरी गेल्यावर पुन्हा मॅच म्हणून लावली न्हाय त्यांनी घरात. मला कोण सांगणार? जिंकलो का?"

"व्हय," बब्रुवान म्हणाला. "जिंकलो."

"मग सांगा की. कसं कसं झालं ते. त्यांच्या फोटोम्होरं सांगा."

ओसरीवरची सगळी माणसं त्याच्याकडं बघायला लागली. बब्रुवान घसा खाकरून सरसावला. सांगायला म्हणून तोंड उघडलं. पहिली बॅटिंग कुणाची? रन किती? कोण आउट झालं, कुणी मारलं? काही म्हणजे काही आठवेना! ज्या मॅचपायी एका माणसाचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला, त्या मॅचमधलं बब्रुवानला एवढंच आठवत होतं, की जनरेटर बंद झाल्यावर आवारात एकदम शांत झालं होतं, आणि त्याला लई बरं वाटलं होतं.