नागोरावांची मुकी मोटार

आपल्या मोटारीसारखी मुकी मोटार अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नाही, असं लोहाऱ्याच्या नागोरावांनी नेरच्या व्याह्यांना छातीठोकपणे कळवलं होतं. तिथंच घात झाला! व्याही सदाशिवरावांनी उलट निरोप धाडला, "सूनबाईले सातवा हाय, इवाई. बाळंतपनाले खुशाल न्या. पन गाडी जराही खडखडली, तं पोरगी उंबऱ्याबाहेर पडनार नाही!"

आणि मोटार तर पोळ्यापासून खुळखुळत होती! त्यात उद्यापासून पितृपंधरवडा. तो संपेस्तोवर लेकीला, प्रभावतीला, आठवा लागला असता, आणि आठव्यात कोण पाठवतं?

नागोराव बायकोला घेऊन सकाळीच गावातल्या अब्दुल गनी मिस्त्रीकडे गेले. गनीनं मागची गादी काढून लिंबाखाली ठेवली, दारं खोलली, एकेक स्क्रू पिळला. चक्कर मारली. मोटार गप! नागोरावांनी त्याला चहा पाजला. गादी बसवली. खुळखुळ! पुन्हा गादी लिंबाखाली, आता टप उकललं. मोटार गप! गादी बसवली. खुळखुळ! तिसऱ्यांदा समोरचा पत्रा खोलून तारा उपसल्या, तरी तेच. गादीवर संशय ना गनीला आला, ना नागोरावांना. गादी कुठं वाजते का!

"आता इंजिनच उतरवतो, भाऊ," गनी म्हणाला. "चार दिवस लागतीन."

नागोरावांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "माही पोरगी वाट पाहून राह्यली ना गा!"

सकाळपासून पदराशी चाळा करणाऱ्या तुळसाबाईंना आता राहवेना. "गादीच्या पोटात हाय ते," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काय हाय?"

"आपल्या राज्या बैलाची घुंगुरमाळ. बैलजोडी इकून तुमी हे मोटार आनली. पोळ्याले ओवाळू कोनाले? मंग हिलेच ओवाळलं, नं माळ बांधली! वाजू नाही म्हून फडक्यात गुंडाळली."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी येडी म्हनलं असतं!"

"म्हनतोच ना वं!" नागोराव खेकसले खरे, पण स्वतःच गादी उसवायला बसले. राज्याला विकून आल्यावर दोन दिवस त्यांनाही जेवण गेलं नव्हतं.

माळ तुळसाबाईंच्या मांडीवर आली, आणि मोटार नेरपर्यंत खरंच मुक्यानं गेली. इतकी मुकी, की दारात उभी राहिली तरी कोणी बाहेर येईना! नागोरावांनी भोंगा दाबला. तोही गप! गनीनं त्याची तार कुठं जोडली होती देव जाणे. व्याह्याच्या दारात हाका मारणं शोभेना. शेवटी तुळसाबाईंनी खिडकीतून माळ हलवली.

"राज्या आला वं, राज्या!" आतून आवाज आला, आणि पोट सांभाळत, हसत-रडत प्रभावती उंबऱ्यात!

सदाशिवरावांनी मोटारीची दारं हलवली, गादी दाबली, गावातून एक फेरीही मारून आणली. टकदेखील आवाज नाही! नागोरावांनी मिशीला पीळ दिला.

"गाडी बेस हाय, इवाई," सदाशिवराव म्हणाले. "पन पोरगी इतकी हासलेली म्या कवाच पाह्यली नाही. ते माळ बांधा समोर. अन् वाजत गेली पायजे, मले येशीपर्यंत आयकू आली पायजे!"

आता फडकंसुद्धा नव्हतं! नागोराव नेरहून लोहाऱ्यापर्यंत छुनछुन करत आले. गनीच्या दुकानासमोरून मात्र त्यांनी मोटार जोरात काढली. पण त्यानं माळ आणखीच जोरात वाजली.