सर्वांना उत्तर

शाळेत लॅपटॉप आले, त्याबद्दलच्या बैठकीच्या वेळी गणिताच्या बाई दाताच्या डॉक्टरांपुढे आ वासून बसल्या होत्या. त्यामुळे मुलांना लॅपटॉप शिकवायची जबाबदारी एकमताने त्यांच्यावर आली. हेडसरांनी वर बजावूनही ठेवलं, "आठवडाभर बघू. गोंधळ झाला तर लॅपटॉप परत कपाटात."

सातवीच्या मुलांनी हे फार मनावर घेतलं. मांडीवर तान्हं बाळ झोपलंय अशा बेताने ती लॅपटॉप धरायची. उघडणं, मिटणं, चार्जिंगला लावणं इथवर सगळं सुरळीत झालं, तेव्हा बाईंनी मेल पाठवायला शिकवायचं ठरवलं.

"मी आता तुम्हाला एक मेल पाठवते. मिळाला की उत्तर द्यायचं. कळलं ना?"

"हो बाई," वर्ग एका सुरात म्हणाला. या वर्गाला काहीही विचारलं तरी तो एका सुरात तेवढंच म्हणायचा.

बाईंनी लिहिलं, 'हा संदेश मिळताच कळवा.' पत्त्याच्या जागी 'स' टाइप केल्याबरोबर लॅपटॉपने आपणहून 'सर्व' असं सुचवलं. बाईंना 'सातवी' हवं होतं. पण सर्व म्हणजे समोर बसलेले सर्व, असं समजून त्यांनी बटण दाबलं. ते सर्व म्हणजे शाळेतली सगळी मुलं, सगळे शिक्षक आणि मुलांचे आईवडील होते.

मुलांनी शहाण्यासारखी उत्तरं दिली. स्क्रीनवर दोन बटणं होती, 'उत्तर' आणि 'सर्वांना उत्तर'. दुसरं ठळक दिसत होतं म्हणून सगळ्यांनी तेच दाबलं. 'मिळाला बाई' असं शाळाभर वाजायला लागलं. शेजारच्या वर्गात चित्रकलेच्या सरांचा फोन दचकून रंगाच्या पाण्यात पडला.

मग पालक जागे झाले. 'मिळाला. पण झालंय काय?' असं एका आईने दुकानातून विचारलं. 'पोरगं पडलं का?' दुसरीने लिहिलं. एका आजोबांनी कळवलं, 'आमचा नातू शाळा सोडून कधीच कॉलेजात गेला, तरी काळजी वाटते.' त्यांना तिघांनी धीर दिला. तोही सर्वांना.

बाईंनी घाईघाईने लिहिलं, 'या मेलला कोणीही उत्तर देऊ नये.'

'बरं बाई.'

'देत नाही बाई.'

'मी तर मघाशीपण दिलं नव्हतं बाई.'

शेवटी दारात हेडसर उभे राहिले. हातातला फोन सारखा वाजत होता. त्यांच्या मागे हेल्मेट न काढता, हातात पाना घेऊन एक गृहस्थ धापा टाकत आले. ते मौनीचे वडील, नळदुरुस्तीचं काम करणारे. मौनी म्हणजे वर्गात कधीच तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची मुलगी. हे नाव तिला वर्गानेच दिलं होतं.

"माझी पोरगी ठीक आहे ना? लोकांच्या घरी नळ उघडा टाकून आलोय."

"सगळं ठीक आहे," हेडसर म्हणाले आणि बाईंकडे वळले. "लॅपटॉप गोळा करा बाई."

बाईंनी पहिल्या बाकावरचा लॅपटॉप उचलला. ज्याचा उचलला त्याचा चेहरा त्यांना बघवेना. दुसऱ्याला हात लावणार, तेवढ्यात हेडसरांचा फोन पुन्हा वाजला. ते वैतागून मोठ्याने वाचू लागले.

"'बाई, कालचा अपूर्णांकांचा भागाकार मला समजला नाही. सगळ्यांबरोबर हो म्हणाले, पण समजला नव्हता. परत शिकवाल का?'" हेडसर थांबले. "कोणी लिहिलंय हे?"

मागच्या बाकावर लॅपटॉपच्या आड फक्त दोन वेण्या दिसत होत्या.

पुन्हा फोन वाजला. 'मलापण नाही समजला बाई.' मग आणखी एक. मग दोन-तीन एकदमच. हेडसर वाचायचे थांबले, तरी फोन थांबेना.

बाई लॅपटॉप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. वर्षभर त्या विचारत होत्या, कळलं ना? आणि वर्षभर वर्ग हो म्हणत होता. वाईट वाटून घ्यावं की आनंद मानावा, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी लॅपटॉप ज्याचा त्याला परत दिला आणि खडू उचलला.

मौनीच्या वडिलांनी हेल्मेट काढलं. "घरी एवढं लांब वाक्य बोलत नाही ती," ते हळूच म्हणाले. मग फळ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "माझंपण भागाकाराचं राहूनच गेलंय. मागे बसलो तर चालेल?" आणि एकदम नळ आठवून ते जिन्याकडे पळाले.

हेडसर घुटमळले. "कपाटाची किल्ली कुठे ठेवली कोण जाणे," असं पुटपुटत तेही गेले.

बाईंनी फळ्यावर भाकरीएवढा गोल काढून त्याचे तुकडे केले. पाव तुकडे किती निघतील, ते मुलांकडून मोजून घेतलं. आज कोणी एका सुरात हो म्हटलं नाही. दोघं तर चक्क नाही म्हणाले. बाईंनी त्यांच्यासाठी तेच तुकडे आनंदाने पुन्हा करून दाखवले.

तास संपत आला आणि वर्गातले सगळे लॅपटॉप एकदम वाजले. शेजारच्या वर्गातले वाजले, ऑफिसातलेही वाजले. मेल हेडसरांचा होता.

'बाई, हे फक्त तुमच्यासाठी. आजच्या गोंधळाबद्दल उद्या बोलूच. पण मलाही हे मेलचं नीट येत नाही. आजवर क्लार्क करून देत होते. सवडीने शिकवाल का? कोणाला कळू देऊ नका.'

बाईंनी मान वर केली. अख्खा वर्ग अत्यंत सभ्यपणे छताकडे बघत होता.

"मागच्या बाकावरच्यांनी जरा सरकून बसा," बाई म्हणाल्या. "उद्यापासून एक नवीन विद्यार्थी येणार आहे."

मौनी सरकली. मग तिने हात वर केला आणि तोंडाने विचारलं, "बाई, त्यांनापण गृहपाठ असणार का?"