गंगीच्या ओळीतले ठिपके

सुंदराकाकू हजेरी घेताना कुणाचं नाव पुकारत नसत. सकाळी सहाला डेअरीच्या दारात उभ्या राहायच्या, एका हातात सुई, दुसऱ्या हातात दोरा, आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणायच्या, "ओव."

पहिल्या झटक्यात दोरा गेला तर त्या दिवशी काचेचं काम. दोन-तीनदा चुकला तर दूध मापायचं. आणि थुंकी लावून, डोळा बारीक करून, दाराकडं पाठ करून, नाना तऱ्हा करूनही नाहीच गेला, तर काकू सुई काढून घ्यायच्या. "जा बाई, कॅन घास. कॅन आपटलं तर कॅन वाकतंय, तुजं काय वाकत न्हाय."

भूमच्या पुढं एका गावात हे दूध गोळा करायचं केंद्र होतं. सरकारी पाटीवर लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला डेअरीच म्हणत. मोठा दुष्काळ होऊन काही वर्षं झाली होती. पावसावर भरवसा ठेवण्यापेक्षा म्हशीवर ठेवलेला बरा, असं लोकांचं मत झालं होतं. आम्ही बाया चार. काकू, रझियाआपा, साळूबाई आणि मी. वर सेक्रेटरी भाऊसाहेब, जे दूध गेल्यावर साडेदहाला चहाच्या वासानं यायचे.

मी सुलोचना, भंडाऱ्याकडची. आमच्याकडं गावाला तीन-तीन तळी, आणि इथं पाहुण्याला पाणी विचारताना लोक आधी रांजणात डोकावायचे. शाळा माझी सातवीत सुटली. नवरा बोअरच्या गाडीवर होता. जिथं पाणी नाही तिथं आमचं बिऱ्हाड, असं आमचं नशीब. तो गाडीबरोबर पंधरा-पंधरा दिवस बाहेर, आणि मी अनोळखी गावात कडी लावून बसलेली. काकूंनी मला एकदा आडावर पाहिलं आणि विचारलं, "आकडं वाचता येत्यात का?" मी म्हटलं, "येतात जी." दुसऱ्या दिवशी मी डेअरीत. ते उपकार मी अजून फेडते आहे.

पण लागल्यापासून मला एकच घोर. माझ्या हातातून वस्तू पडायच्या. रोज नाही, पण पडायच्या तेव्हा रांगेनं पडायच्या. पहिल्या महिन्यात लॅक्टोमीटर गेला, म्हणजे दुधात पाणी किती ते सांगणारी काचेची नळी. दुसऱ्या महिन्यात दुधात फॅट किती ते काढायच्या दोन नळ्या. त्यात ॲसिड असतं. ते फरशीवर फसफसलं. भाऊसाहेब म्हणाले, "आता एक जरी फुटली, तर तुम्ही तुमच्या तळ्याच्या गावाला."

मी कॅनांच्या मागं बसून रडले. काकू आल्या, शेजारी टेकल्या आणि डोळे पुसायला पदर देतील म्हणावं, तर विचारतात काय, "कधी बसली व्हतीस?"

मला समजलंच नाही. मग समजलं आणि मी लाजेनं लाल. बोटं मोजली. पाळी यायची होती, एक-दोन दिवसांत.

"आन् मागच्या खेपंला फुटलं तवा?"

तेव्हाही तेच.

काकूंनी मांडीवर थाप मारली. "म्या म्हणलंच. हात रुसल्यात गं तुजे. बाईचे हात म्हैन्याला दोन-तीन दिस रुसत्यात. चुलीवरचं भांडं दिसतंय तिथं नसतंय, उंबरा हाय त्याच्यापरीस वर येतोय. आन् नवऱ्यानं नुसतं 'मीठ' म्हणलं तरी रडू येतंय. त्यात तुजा काय गुन्हा? म्या बी धा घागरी फोडल्यात. सासू म्हणायची येंधळी हाय. येंधळी न्हाय, तारीख व्हती."

आयुष्यात मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की मी वेंधळी नाही, माझी तारीख आहे.

काकूंचं शास्त्र एवढ्यावर थांबलेलं नव्हतं. त्यांच्या मते महिन्यात हाताचे दिवस असतात तसे नाकाचेही असतात. पाळी होऊन दहा-बारा दिवस गेले की नाकाला धार येते. रझियाआपाचे नाकाचे दिवस आले की काकू तिला दाराशी बसवायच्या. एकदा आपा एका किटलीवर वाकली आणि म्हणाली, "या भांड्यात काल रॉकेल होतं." किटलीवाला शपथा घ्यायला लागला. काकू म्हणाल्या, "शपथ परवा घे. आज आपाचं नाक हाय." घरी जाऊन बायकोला विचारून तो खाली मान घालून परत आला. ती किटली कॅनात गेली असती तर अख्ख्या गावाचं दूध नासलं असतं.

आता हे सगळ्यांचे दिवस लक्षात कसे ठेवायचे? आणि लिहायचे तर भिंतीवर कसे लिहायचे? 'विटाळशी'नं दुधाला हात लावला म्हटल्यावर निम्मं गाव किटल्या घेऊन परत फिरलं असतं, आणि आम्ही महिन्याला चार दिवस घरी. काकू हे पाळत नव्हत्या. "म्हशीला विचारा," म्हणायच्या, "धार काढणारीची तारीख तिनं कधी इचारलीया का?" पण गावाशी भांडण्यापेक्षा त्यांनी डोकं चालवलं. पेंडीच्या दुकानाचं मोठं कॅलेंडर होतं. त्याच्या पाठीवर मला रेघा मारायला लावल्या, वर तारखा, आणि डावीकडं म्हशींची नावं. रझियाआपा म्हणजे चंद्री. साळूबाई, मोरी. मी गंगी. हात रुसायच्या दिवशी कुंकवाचा ठिपका, नाकाच्या दिवशी हळदीचा.

"आणि तुमची ओळ, काकू?"

"माजं दुकान कवाच बंद झालंय. आता बाराही म्हैने हात सरळ आन् नाक भोंगळ."

पण खाली आणखी एक नाव त्यांनी लिहायला लावलं. पारू. ही कोण, मी विचारलं. काकू म्हणाल्या, "रेघ सरळ मार."

त्या कॅलेंडरानं डेअरीचं नशीब पालटलं म्हणा. चार महिने काचेचा टवका उडाला नाही. लाल ठिपक्याला मी कॅन घासायची, गाणं म्हणत घासायची. साळूबाई लाल ठिपक्याला सगळ्यांवर खेकसायची, पण आता आम्ही फक्त भिंतीकडं बघायचो, आणि तीही बघायची आणि हसायची. "मोरी शिंग उगारायली, सरका," काकू म्हणायच्या.

मग भाऊसाहेबांचं लक्ष भिंतीकडं गेलं. म्हशींची नावं, तारखा, लाल-पिवळे ठिपके. त्यांचा चेहरा उजळला. त्या वेळी केंद्राकेंद्रांना वरून एकच सांगणं होतं, म्हशीच्या माजाची, म्हणजे ती फळायला येते त्या दिवसांची, नोंद ठेवा, वेळेवर रेतन करा. कुणी ठेवत नव्हतं. आणि इथं न सांगता ठेवलेली. कुणाला न विचारता त्यांनी जिल्ह्याला कळवलंसुद्धा.

आठवड्याभरात जनावरांचे डॉक्टरसाहेब आले. जीपमधून, फाइल घेऊन. आम्हा चौघींचं रक्त आटलं. खरं सांगावं तर दूध बाटल्याचा बोभाटा, न सांगावं तर म्हशी आणायच्या कुठून? त्यातून त्या दिवशी गंगीच्या ओळीत लाल ठिपका. सकाळी सात वेळा दोरा चुकला होता.

साहेब चष्मा सावरून बघत होते. "ही चंद्री कितव्या दिवशी येते माजावर? अठ्ठावीस?" त्यांनी परत मोजलं. "म्हैस एकविसाव्या दिवशी येते बाई."

काकू जागच्या हलल्या नाहीत. "दुष्काळातली म्हैस हाय सायब. समदंच उशिरा येतंय."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मी डोळ्यांनी पाहिलं, लिहून घेतलं. कॅनांच्या मागून साळूबाईचा पदर तोंडात कोंबल्याचा आवाज आला.

तेवढ्यात भाऊसाहेबांना हुरूप आला. "साहेब, आमचं टेस्टिंग बघा. सुलोचनाबाई, फॅट काढून दाखवा."

मी नळी उचलली. ॲसिडची बाटली समोर. एक फुटली की तळ्याच्या गावाला. मी काकूंकडं पाहिलं.

काकू साहेबांशीच बोलत होत्या. "ही गंगी बघा सायब. आज तिचा लाल ठिपका हाय. आज तिच्याम्होरं काच ठिवली तर लाथाडंलच. गरीब हाय, गुणाची हाय, पण आज न्हाय. आज तिला नुसतं सावलीला बांधायचं." आणि बोलता बोलता त्यांनी माझ्या हातातली नळी अलगद काढून घेतली. "पोरी, जा, गंगीला पाणी दाव. रझिया, तू काढ."

मी बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसले. आधी रडले आणि मग इतकी हसले की पोट दुखलं. तेही तारखेचंच असेल.

आतून साहेबांचा आवाज येत होता. "जनावराच्या स्वभावाचा इतका अभ्यास मी कुठं पाहिला नाही." मग, "ही शेवटची, पारू, ही कुणाची?"

काकूंचा आवाज एकदम खाली आला.

"ती माजी, सायब. लांब दिलीया."

"मग नोंद कशाला ठेवता?"

"राहू द्या," काकू म्हणाल्या.

जीप गेली. शेरा चांगला मिळाला, भाऊसाहेबांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. संध्याकाळी भांडी पालथी घालताना काकू आपणहून बोलल्या. पारू म्हणजे पार्वती, त्यांची एकुलती लेक. बीदरकडं दिलेली. चार वर्षांत दोनदा आली होती.

"लगीन हुईस्तवर तिच्या तारखा म्याच धरायची. त्या दिशी तिला घागर उचलू द्यायची न्हाय. आता तिकडं कोण धरतंय? तिची सासू बी म्हणत आसंल, येंधळी हाय." त्यांनी कॅलेंडरापाशी जाऊन कुंकवाचं बोट टेकवलं. "अंदाजानं लावते. दोन-चार दिस चुकत बी आसंल. पर त्या दिशी म्या हितनं म्हणते, सांभाळ गं माजे आई, उंबरा बघून चाल."

पुढं नवऱ्याची गाडी रायचूरच्या पलीकडं गेली आणि मी तिच्याबरोबर. निघताना काकूंनी एक सुई दिली, रिळासकट. इथली भाषा मला अजून धड येत नाही. पण सकाळी उठल्यावर मी आधी दोरा ओवते. नाही गेला तर त्या दिवशी काचेच्या बरण्या वरच राहतात, आणि मी स्वतःला शिव्या देत नाही.

मागच्या महिन्यात रझियाआपाचं पत्र आलं. डेअरीत नवीन सेक्रेटरी आलाय म्हणे, फार चौकस. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहून विचारलं, "काकू, ही गंगी केंद्रावर दिसत नाही. विकली का?"

काकू त्या वेळी माझ्या ओळीत ठिपका लावत होत्या. मान वळवली नाही.

"इकंल कोण तिला," म्हणाल्या. "चराया गेलीया लांब. यील."