दिगूचा सिनेमा आणि माझा स्वेटर

दिगूने मला ऐन मे महिन्यात, भर दुपारी, गच्चीवर लोकरी स्वेटर घालून बसवलं. का, तर त्याच्या सिनेमात मी आठवण सांगायला सुरुवात केली ती थंडीत. आता उन्हाळ्यात ती संपवायची तर स्वेटर तोच हवा. "प्रेक्षकाला फसवायचं नसतं, नाना," हे त्याचं पालुपद. प्रेक्षक कोण, तर आमच्याच बायका.

दिगू माझा शाळासोबती. पंचवटीत लोकांच्या लग्नांचं शूटिंग करतो, स्वतः बिनलग्नाचा. पन्नाशीला आल्यावर याच्या डोक्यात शिरलं की जुने दोस्त नुसते गप्पा मारतायत, असा सिनेमा काढायचा. गाणं नाही, मारामारी नाही. मी, बाळ्या, सुऱ्या आणि समोर मिसळ. रीटेक होता होता तर्री गार झाली तरी तीच खायची. माझं पित्त खवळलं ते उगाच नाही.

आठवण एकच. कॉलेजात असताना सायकली हाणत त्र्यंबकला गेलो, ब्रह्मगिरी चढलो, ती. एकाही सायकलीला कुलूप नव्हतं, ब्रेकसुद्धा नावालाच. मी रंगात येऊन धुकं, वारा, माकडाने पळवलेला बाळ्याचा डबा असं सगळं सांगायचो आणि कॅमेऱ्यामागून हा विचारायचा, "आणि सायकली?"

"खाली होत्या."

"परत घेऊ. आणि सायकली?"

शेवटी माझं डोकंच फिरलं. "सायकलींचं काय लोणचं घालायचंय का? खाली होत्या म्हटलं ना."

त्याने कॅमेरा बंद केला. "चालेल," म्हणाला. "झालं शूटिंग."

पुढच्या रविवारी स्वतःच्या घरी चादर बांधून त्याने सिनेमा दाखवला. शेवटाला माझं ते खेकसणंही ठेवलेलं. चारचौघांत माझी शोभा. मी उठणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, कुलपं नव्हती, तुम्ही तिघं वर. मग सायकली कोणाच्या भरवशावर?"

बाळ्याने माझ्याकडे पाहिलं, मी सुऱ्याकडे. पायथ्याशी दिवसभर चार सायकली राखत बसलेला माणूस समोर चादरीची घडी घालत होता.

मला भयंकर संताप आला. "गाढवा, तोंड शिवलं होतं का? सांगायचंस की."

"मी सांगून काय उपयोग," दिगू म्हणाला. "तुम्हाला आठवतंय का, ते बघायचं होतं."

मी तडक घरी गेलो, स्वेटर चढवला आणि घामाघूम होऊन परत आलो. "लाव कॅमेरा. तो राखायला आमची ही बसेल, तू आमच्यात बस."

"मिसळ लागेल," म्हणत दिगू चपला घालू लागला.

"बस म्हटलं ना," मी ओरडलो. "मिसळ मी आणतो."