ओल्या कठड्याची पाटी

जगातली निम्मी भांडणं चुकीच्या इंग्रजीमुळे होतात, असं माझं ठाम मत होतं. उरलेली निम्मी बरोबर इंग्रजीमुळे होतात, हे त्या सोमवारी कळलं.

आमच्या ऑफिसात मी पास केल्याशिवाय एकही इंग्रजी पाटी भिंतीवर चढत नाही. हा नियम माझाच. हरकत असल्यास ती इंग्रजीत लिहून द्यावी, हाही माझाच! त्यामुळे हरकत कधी आली नाही.

त्या दिवशी मॅनेजरच्या रिकाम्या खुर्चीवर कोणाला बसवायचं ते ठरवायला हेड ऑफिसचे मोठे साहेब येणार होते. त्या खुर्चीसाठी मी घरून उशीसुद्धा आणून ठेवली होती. साहेब येणार म्हणून सकाळीच जिन्याच्या कठड्याला हिरवा रंग दिलेला.

"ओला आहे, पाटी लावा," म्हणून रंगारी गेला.

मी झोकात लिहिलं : 'अव्हॉइड टचिंग'.

"टचिंग काय? टू टच हवं," हिशेबनीस बाई जिन्यातच अडल्या.

"बाई, अव्हॉइडला आयएनजीच लागतं."

"मग वॉन्टला टू का?"

"वॉन्टच्या घरची रीत वेगळी!"

"आणि लाइकला दोन्ही कसं चालतं हो?" टायपिस्टने कठड्यावर रेलत काडी टाकली.

"लाइक जावई आहे. त्याचे सगळे लाड चालतात!"

"म्हणजे नियम-बियम काही नाही, तुमची लहर!" बाई म्हणाल्या.

लहर? माझी? मी तडक मेहुण्याला फोन लावला. तो इंग्रजीचा प्राध्यापक.

"दाजी, 'रंग ओला आहे' एवढंच लिहा की!"

"बहिणीवर गेलास अगदी! मुद्द्याचं बोल!" मी फोन आपटला.

एव्हाना अख्खं ऑफिस जिन्यात जमलं होतं. कोणी कठड्याला टेकलेलं, कोणी त्यावर कोपर ठेवून विचारमग्न. पाटी अजून माझ्या बगलेतच. शेवटी मतदान ठरलं.

"आयएनजीच्या बाजूने कोण?"

हात वर झाले. सगळे हिरवे!

"टू वाले?"

तेही हिरवे. व्याकरणावरून फुटलेलं ऑफिस रंगाने एक झालं होतं.

तेवढ्यात खालून मोठे साहेब आले. पांढराशुभ्र शर्ट, आणि हात कठड्यावरून सरकवत! वर पोचल्यावर त्यांनी घाम पुसला. कपाळ हिरवं झालं. मग त्यांनी तळहात पाहिला, माझी बगल पाहिली.

"काय आहे ते?"

मी पाटी पुढे केली. त्यांनी ती सावकाश वाचली.

"इंग्रजी बरोबर आहे," ते म्हणाले.

मी बाईंकडे विजयी नजर टाकली.

मॅनेजरची खुर्ची स्टोअरकीपरला मिळाली. तो त्या दिवशी रजेवर होता.