जिन्याच्या फाइलीची जन्मतारीख

माणसाचा जन्म नेमका कधीचा हे ठाऊक नसले तरी त्याचे फारसे अडत नाही. फाइलीचे अडते. ती सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत जन्मली हे ठरेपर्यंत तिच्यावरून काम करू नये, असा बांधकाम खात्याचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे.

दवाखान्याच्या जिन्याची फाइल अशीच अडली होती. इमारत उभी होती, प्रसूती विभाग वरच्या मजल्यावर सजला होता, जिना तेवढा अजून फाइलीत होता. खात्यातल्या आरेखकाला मात्र घाई होती. त्याच्या धाकट्या बहिणीला सातवा महिना होता आणि जवळपास दुसरा दवाखाना नव्हता.

त्याने फाइल साध्या मजकुरासारखी उघडून पाहिली. पहिल्याच ओळीत लिहिले होते : आवृत्ती नऊ. तो धावतच साहेबांकडे गेला.

"कोण म्हणतं?" साहेबांनी विचारले.

"फाइलच म्हणते, साहेब."

"उद्या चोर म्हणेल मी साव. तेही लिहून घ्यायचं?"

समिती नेमली गेली. पाच सदस्य, दहा ते चौदा अशा पाच आवृत्त्या, फाइल एकच (प्रत काढण्यास मनाई, प्रतीचा जन्म वेगळा धरतात). पहिल्या सदस्याने ती आवृत्ती दहामध्ये उघडली. बंद करताना संगणकाने विचारले, 'या आवृत्तीत सेव्ह करू का?' सदस्य सभ्य गृहस्थ. कुणी आपणहून विचारल्यावर नाही म्हणणे त्यांच्या घराण्यात नव्हते. पहिल्या ओळीत 'दहा' उमटले आणि अहवालही 'दहा' असाच गेला. दुसऱ्याचा अकरा. पाचही अहवाल शंभर टक्के अचूक निघाले.

दर खेपेला फाइल जराशी हलकी होत गेली. बाराव्या आवृत्तीत कठडा गेला, तेराव्यात पायऱ्या. दोन महिन्यांनी एकमताने निष्कर्ष निघाला : फाइल चौदाव्या आवृत्तीत, गेल्या मंगळवारी, समितीसमक्ष जन्मली.

"अहो, पण पायऱ्या कुठायत?" आरेखक रडकुंडीला आला. "माझी बहीण वर चढणार कशी?"

"व्हर्जन सापडलं ना?" साहेब मायेने म्हणाले. "एका वेळी एक."

ठेकेदाराने आठ दिवसांत नकाशाबरहुकूम गुळगुळीत उतार बांधला. त्यावरून आजवर कुणी वर जाऊ शकलेले नाही, त्यामुळे प्रसूती विभागाविरुद्ध एकही तक्रार नाही. आरेखकाची बहीण खाली, केसपेपरच्या खिडकीसमोरच्या बाकावर बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आरेखक भिंतीला टेकून ढसाढसा रडला. नोंदीत मात्र प्रसूती वरच्या मजल्यावर झाली आहे, कारण विभाग तिथे आहे.

वाचकांना समितीचे हसू आले असेल, तर खुशाल हसावे. परवा फोनने लांबलचक काहीतरी विचारले आणि आपण न वाचताच 'मान्य' दाबलेत. त्यात आपले काय गेले हे शोधायला आपल्याकडे तर समितीही नाही.