नायट्रोजनमधला कार्बन

आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र मला कुणी शिकवलं नाही. बघून बघून हात बसला. म्हणून भाचीला तिच्या प्रयोगासाठी त्यावर एका दिवसाची पाळी मिळाली, तेव्हा बहिणीला मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "काळजी सोड. मी आहे ना."

काम सोपं. निर्वात भांड्यात नायट्रोजन सोडायचा, त्याच्या रेणूंवर क्ष-किरण मारायचे आणि अणूच्या अगदी आतल्या घरातला इलेक्ट्रॉन हुसकायला किती ऊर्जा लागते ते मोजायचं. प्रत्येक मूलद्रव्याचा आकडा वेगळा, त्यामुळे पडद्यावरच्या शिखरांवरून आत कोण आहे ते कळतं. नायट्रोजनच्या रेणूत अणू दोन, दोन्ही नायट्रोजनचेच. चुकायला जागाच नाही.

मी जागा काढली. गॅसच्या नळीच्या सांध्यात रबरी रिंग बसेना. खास ग्रीस सरांच्या कपाटात, सर मीटिंगमध्ये. मग पर्समधलं हाताला लावायचं क्रीम जरासं फिरवलं. जेवणानंतर माझा नवरा सोफ्यावर बसतो, तशी रिंग बसली.

पडद्यावर नायट्रोजनचं शिखर आलं. आणि लांब पलीकडे, न बोलावता, कार्बनचं.

"मावशी, हा कुठून आला?"

क्रीम म्हणजे तेल, आणि तेलात कार्बन, हे मला तेव्हा आठवलं. तोंड मात्र म्हणालं, "सिलिंडरच भेसळीचा दिसतोय."

गॅसवाला तणतणत दुसरा सिलिंडर घेऊन आला. "मॅडम, तुमच्या घरच्या दुधापेक्षा शुद्ध असतो आमचा माल." तो जोडला. कार्बन जागच्या जागी.

तेवढ्यात सर आले. पडदा पाहिला, मग भाचीकडे वळले. "हातमोजे न घालता नळी हाताळलीस? पुन्हा पाळी देताना मला विचार करावा लागेल."

"सॉरी सर, हात लागला असेल," ती म्हणाली. तिनं मोजे एकदाही काढले नव्हते. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. क्रीम गुलाबाच्या वासाचं होतं. तिला कळायला यंत्र कशाला हवं?

"सर, ते क्रीम आहे. माझं."

सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही?" त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

नळी धुवायची, यंत्र तापवून आत चिकटलेलं सगळं बाहेर ओढायचं, म्हणजे आजची पाळी गेलीच. दुसरी देतो म्हणाले, कधी ते नाही.

परतताना बसमध्ये बहिणीचा फोन भाचीला आला. "काही नाही गं आई, यंत्रच बिघडलं. मावशी तरी काय करणार?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. दिवसभरात पहिल्यापासून खरं बोललं होतं, ते एकटं यंत्रच.